दगडफूल निवडताना

शकुबाईंनी फडक्याची गाठ दातांनी सोडली आणि आतलं सगळं सुपात उपडं केलं. करडे-काळे पापुद्रे, वाळका हिरवट गुंता, सालींचे तुकडे असा हा एवढा ढीग झाला. चटईवर बारीक भुसा उडाला.

"हे घे," त्या नलूला म्हणाल्या. "दगडफूल हाये. जंगलातली बाई आणून देते अन् संगं सारा कचरा बी देते. निवड मले."

नलू सुपासमोर बसली. मायनं घट्ट नेसवलेल्या जरीच्या लुगड्यात तिला धड मांडीही घालता येईना.

पोरगी पाहायला आलेली माणसं काय काय करायला लावतात त्याला काही सुमार नाही. कोणी गाणं म्हणायला लावतं, कोणी सुईत दोरा ओवायला लावतं, कोणी उगीच चालून दाखव म्हणतं, जणू काही पोरगी नाही, बाजारातली कालवड आहे. गोंदियाच्या या घराची रीत तेवढी वेगळी होती. वर्षाच्या मसाल्यातलं काहीतरी सुपात ओतायचं आणि पोरीला निवडायला बसवायचं. शकुबाईंना त्यांच्या सासूनं असंच बसवलं होतं, आणि थोरली सून हिरा हिला शकुबाईंनी. हिरा आताही सासूच्या मागं भिंतीला टेकून बसली होती. आल्यापासून ती "पाणी नको" एवढंच बोलली होती.

बाहेरच्या खोलीत पुरुष माणसं बसली होती. नलूचे वडील केवलराम, शकुबाईंचे यजमान कृष्णराव, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो बाबुलाल. बाबुलाल केवलरामच्याच पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये होता. राहायचा हॉस्टेलात. लग्न झालं की फॅमिली क्वार्टर मिळणार, क्वार्टर मिळालं की आईवडील गोंदियाहून इकडे येणार, असा सगळा हिशोब होता. त्यात फक्त एका बायकोची कमी होती.

"रंगरूप काय पाहायचं," कृष्णराव बाहेरून शकुबाईंकडे मान करून म्हणत होते. "आमच्या इकडे सारं त्याईच्या हाती हाये. त्या हो म्हणल्या का झालं."

केवलराम हसला. धुतलेल्या कडक सदऱ्यात तो स्वतःच पाहुण्यासारखा दिसत होता. ब्लास्ट फर्नेसच्या आगीसमोर उभं राहून राहून त्याचं तोंड कायमचं तांबूस झालं होतं, पण आज त्यावर जी लाली होती ती भीतीची होती. पोरगी दुर्गच्या कॉलेजात बी.एस्सी.ला शिकते, बसनं एकटी जाते-येते, म्हणून सेक्टरमधल्या, म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतल्या, चार लोकांनी त्याला पुरतं भंडावून सोडलं होतं. आधीची दोन स्थळं पोरगी जास्त शिकलेली म्हणून परतली होती. काल जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला होता, "नले, हे जमलं तं वैशाखात लगीन. नाई जमलं तं मंग मी काई बोलत नाई. तू आपली परीक्षा दे, बी.एस्सी. हो, मंग पाहू. पण आपल्या घरून वाकडं काई नाई झालं पायजे. मले मान खाली घालाले लावू नको."

म्हणजे नकार त्यांच्याकडून यायला हवा होता, आणि तोही साधासुधा. उद्धट बोलायचं नाही, चहा सांडायचा नाही. नलूनं सकाळपासून डोकं खाजवलं होतं. आणि आता शकुबाईंनी आपल्या हातानं तिच्यापुढे हे सूप ठेवलं होतं. देव देतो तेव्हा असा देतो, असं तिला वाटलं.

कारण सुपात काय आहे ते तिच्याइतकं त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. परवाच प्रयोगशाळेत तिनं हेच भिंगाखाली पाहिलं होतं. प्लांटच्या धुरात इथल्या झाडांना दगडफूल धरत नाही, म्हणून सरांनी डोंगरगडाच्या पलीकडून नमुने आणवले होते. सोमवारी प्रॅक्टिकल होतं. दगडफुलाला देठ नसतो, पान नसतं. नुसता पापुद्रा, वरून राखी, उलटा केला की पोट काळं. शेवाळ कितीही वाळून गुंता झालं तरी त्याला बारीक देठ असतात, देठांवर केसाएवढी पानं असतात. बोटाला थुंकी लावून दाबलं की ती पानं उलगडतात आणि एकदम हिरवी होतात. एकदा डोळ्याला सवय झाली की चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही.

चुकायचं म्हटलं तर नीट लक्ष देऊनच चुकावं लागतं.

नलूनं पहिला पापुद्रा उचलला, उलटा केला, पोट काळं आहे याची खात्री केली आणि डावीकडे टाकला.

"हा कचरा," ती हळूच म्हणाली.

मग शेवाळाचा एक छान गुंता उचलून तिनं उजवीकडे ठेवला. "हे मसाल्याचं."

शकुबाईंनी पानाचा डबा उघडला.

नलूची बोटं सरावली. करडं डावीकडे, हिरवट उजवीकडे. साली तेवढ्या तिनं बाजूला काढल्या, कारण साल आणि दगडफूल यातला फरक लहान पोरालाही कळतो आणि इतकं मूर्ख दिसायचीही तिची इच्छा नव्हती. स्वयंपाकघरातून पोह्यांच्या फोडणीचा वास येत होता. माय तिथंच अडकली होती ते बरं झालं. चंपाबाईनं पोरीला लहानपणापासून मसाला करायला बसवलं होतं. तिनं एक नजर टाकली असती तर कपाळावर हात मारून घेतला असता.

मध्येच हिरा पुढं सरकली. तिनं डावीकडच्या ढिगाकडे हात नेला.

"इथं अंधार पडते वो," ती नलूला म्हणाली. "खिडकीकडे तोंड करून बसता का?"

"हिरा," शकुबाई पानाला चुना लावत म्हणाल्या. "हात."

हिरानं हात मागं घेतला. नलूनं तिच्याकडे पाहिलं. हिरा तिशीची असेल नसेल. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि ते नसणं इतकं व्यवस्थित होतं की नलूला उगीच कसंसं झालं. पण तिनं हात थांबवला नाही. सूप रिकामं होत आलं होतं. शेवटचा पापुद्रा मोठा होता, तळहाताएवढा, कडांना सुरेख कुरळलेला. असला नमुना सरांकडेही नव्हता. तो कचऱ्यात टाकताना तिचा जीव थोडा हळहळला.

"झालं," ती म्हणाली.

शकुबाईंनी पान गालात सारलं आणि दोन्ही ढीग जवळ ओढले. आधी उजव्या ढिगातून बोटं फिरवली. मग डाव्या ढिगातून. पुन्हा उजव्या. त्यांची बोटं जाड होती, पण हळूहळू फिरत होती. एकदा त्यांनी मान वर करून नलूकडे पाहिलं. रागानं नाही, आश्चर्यानंही नाही. नवीन भांडं घेताना बाई ते टिचकी मारून पाहते, तसं पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

मग नलूनं निवडलेला 'मसाल्याचा' ढीग त्यांनी ओंजळीत घेतला, उठल्या आणि खिडकीच्या गजांतून अंगणात फेकून दिला. परत येऊन 'कचऱ्याचा' ढीग तेवढा अलगद फडक्यात भरला. गाठ मारली. आणि दारातूनच बाहेरच्या खोलीत म्हणाल्या,

"पोरगी पसंत हाये आमाले."

नलू चटईवर तशीच बसून राहिली.

पुढचं सगळं भराभर झालं. चंपाबाई हातातली पळी घेऊनच धावत आली आणि पळी कुठं ठेवावी ते तिला सुचेना. केवलरामनं उपरण्यानं डोळे पुसले आणि हसला आणि पुन्हा पुसले. "अवो, साखर आणा, साखर!" कृष्णराव म्हणाले. शकुबाईंनी पिशवीतून नारळ आणि खण काढला. म्हणजे घरूनच आणला होता. "आजच कुंकू लावून टाकतो," त्या म्हणाल्या. "एकदा कुंकू लागलं का शब्द झाला. मंग तुमी बी मोकळे, आमी बी मोकळे."

सगळे मोकळे होणार होते. नलूला तेवढं उठून दुसरा चहा ठेवायला सांगण्यात आलं.

स्वयंपाकघर म्हणजे दोन पावलांची जागा. शेगडीवर आधण ठेवून नलूनं ओट्याची कड घट्ट धरली. मागं दार होतं, दारापलीकडे अंगण, अंगणाला भिंत, भिंतीपलीकडे दुसऱ्याचं अंगण, त्याला पुन्हा भिंत. सेक्टर असाच बांधला होता. कुठूनही निघालं तरी माणूस कोणाच्या तरी दारात जाऊन उभा राहायचा.

हिरा उष्टे कप घेऊन आत आली. मोरीत बसली. तिनं नळ मोठा सोडला आणि पाण्याच्या आवाजात, कपांकडेच बघत म्हणाली,

"तुमी सारं उलटं ठेवलं."

नलू दचकली. "तुमाले कसं समजलं?"

"जिले कळत नाई तिचं थोडं बरोबर येते, थोडं चुकते. सारं चुकवाले सारं यावं लागते बाई."

इतकी साधी गोष्ट! बी.एस्सी.ला बसलेल्या पोरीच्या डोक्यात आली नव्हती. चार-दोन तुकडे बरोबर टाकले असते तर?

"मंग त्याईले समजलं असन ना? मी मुद्दाम केलं ते?"

"समजलं. म्हणून तं पसंत केलं."

"कावून?"

हिरानं एक कप पालथा घातला. दाराकडे पाहिलं.

"माझ्या टायमाले सुपात जिरं अन् शहाजिरं होतं. मले भंडाऱ्याले मास्तरणीच्या ट्रेनिंगले जायचं होतं. मी बी सारं उलटं टाकलं. मले वाटे, आता हे लोकं जातात उठून." ती थोडं हसली. त्या हसण्यात गंमत वाटण्यासारखं काही नव्हतं. "आत्याबाई म्हणते, जिले येते अन् जे येते ते दाखवते, ते पोरगी घरात टिकत नाई. उद्या सासूले शिकवन. जिले येते अन् जे गिळून बसते, तेच कामाची. माझ्या पयले एकीनं पटापट निवडलं. 'मावशी, तुमच्या बाईनं तुमाले फसवलं, अर्धं तं काडी-कचराच हाये' असं तोंडावर म्हणली. तिच्या घरी हे लोकं नुसता चहा पिऊन उठले."

"म्हणजे मी नीट निवडलं असतं..."

"अन् तोंडानं सांगतलं असतं, हे काय हाये अन् ते काय हाये. तं आतापर्यंत आमी टेसनावर असतो."

आधण उकळून उतू गेलं. शेगडी चर्र करून वाजली. नलूला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं आणि हसावंसंही वाटलं. हुशारी, हुशारी म्हणून ज्या खड्ड्यात ती येऊन पडली, तो खड्डा तिनं स्वतःच खणला होता आणि वर छान सारवलाही होता. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"घरात कसं असते?" तिनं विचारलं.

हिरानं शेवटचा कप निथळत ठेवला. "मारत-गिरत नाई कोणी," ती म्हणाली. "खायले-प्यायले हाये. बोलाचं नाई एवढंच. बोललं का मंग महिना-महिना कोणी आपल्याशी बोलत नाई. लेकरू बी आपल्याजवळ येऊ देत नाई. पोराले मी तवा रडताना आयकत राहो, अन् मले दार उघडता नाई ये." तिनं नळ बंद केला. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेला घाबरून ती घाईनं पुटपुटली, "मी सांगतलं असं म्हणू नका हं. तुमाले हात जोडतो."

"नले!" बाहेरून चंपाबाईनं हाक मारली. "ये वो, त्या थांबल्या हायेत!"

बाहेरच्या खोलीत पाट मांडला होता. पाटासमोर शकुबाई, हातात कुंकवाचा करंडा. शेजारी नारळ, खण, आणि ते गाठोडं. बाबुलाल खुर्चीच्या कडेला टेकला होता. त्यानं आल्यापासून नलूकडे नीट पाहिलंच नव्हतं, आणि आताही तो आपल्या बुटांकडेच बघत होता. नलू पाटावर बसली. शकुबाईंनी कुंकवात बोट बुडवलं.

"मावशी," नलू म्हणाली. "ते गाठोडं सोडा ना जरासं."

बोट हवेतच थांबलं.

नलूनं हात लांब करून स्वतःच गाठ सोडली. तो तळहाताएवढा पापुद्रा वरच होता. तिनं तो उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. आवाज तिला स्वतःला वाटला त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

"हे दगडफूल. मी हे कचऱ्यात टाकलं होतं. मावशीनं खिडकीतून जे फेकलं ते शेवाळ. शेवाळाले देठ असते, पानं असतात. याले नसते. मले पयलेपासून माहीत होतं. मी मुद्दाम उलटं निवडलं."

"नले," केवलराम म्हणाला.

"दगडफूल म्हणजे एक झाड नाई, बाबा. दोन जीव हायेत. वरून दिसते ते बुरशी. तिच्या पोटात एक हिरवा बारीक जीव असते. तो दिवसभर उन्हात अन्न करते, अन् बुरशी खाते. काई लोकं म्हणतात दोघाईचा संसार हाये. आमचे सर म्हणतात, संसार कायचा, कोंडून ठेवलं हाये त्याले." तिनं पापुद्रा परत गाठोड्यावर ठेवला. "मले आता लगीन नाई कराचं. सोमवारी माझं प्रॅक्टिकल हाये. मले ते द्याचं हाये. अन् मले जे येते ते मी सांगीन, कुठी बी गेली तरी सांगीन. मले गिळता नाई येत."

चंपाबाई मटकन खाली बसली. कृष्णराव खाकरले. आणि बाबुलालनं पहिल्यांदा मान वर केली. तो पुढं वाकला आणि त्या पापुद्र्याकडे बघत अगदी मनापासून म्हणाला,

"मंग हिरवं कुठी दिसते यात?"

"ओलं केलं का दिसते," नलू म्हणाली.

"बाबू," शकुबाई म्हणाल्या. बाबुलाल पुन्हा बुटांकडे बघू लागला.

शकुबाईंनी कुंकवाचं बोट खणाच्या कोपऱ्याला पुसलं. करंडा मिटला. नारळ पिशवीत गेला, खण पिशवीत गेला. त्या काही रागावल्या नव्हत्या. भाजी महाग निघाली की बाई पुढच्या दुकानाकडे वळते, तसं चाललं होतं. नलूच्या छातीवरचा धोंडा हलायला लागला. झालं. सुटले. आपण सुटलो! केवलरामची मान खाली गेली होती हे तिला दिसत होतं आणि त्याचं दुःखही होत होतं, पण ते पुढं पाहता आलं असतं.

गाठोड्याची गाठ मारता मारता शकुबाई थबकल्या.

"'गिळता नाई येत,'" त्या हळूच म्हणाल्या. स्वतःशीच, चव घेतल्यासारखं. "हे 'गिळणं' तुले कोणी सांगतलं वो?"

शकुबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांची नजर नलूच्या खांद्यावरून पलीकडे, स्वयंपाकघराच्या दारात गेली. तिथं हिरा ओले हात पदराला पुसत उभी होती.

"हिरा," त्या म्हणाल्या. "कप धुवून झाले का?"

"जी आत्याबाई."

"लई वेळ लागला."

हिरानं पुढं होऊन सासूच्या हातून पिशवी घेतली.

"मावशी, त्याईनं काई..." नलू उठत म्हणाली आणि तिथंच थांबली. पुढचा कोणताही शब्द उच्चारला असता तरी तो हिराच्याच अंगावर गेला असता. ही पोरगी हिराची बाजू घेते ती का, एवढंच शकुबाईंना हवं होतं. शकुबाई तिच्याकडे बघत होत्या, आणि पुढचं ऐकायला त्यांना अजिबात घाई नव्हती. नलूनं ओठ मिटले. अख्ख्या दिवसात पहिल्यांदाच तिनं शब्द गिळला, आणि शकुबाईंनी पसंत पडल्यासारखी जरा मान हलवली.

"चला," त्या यजमानांना म्हणाल्या. "गाडीची वेळ झाली."

पाहुणे गेले. केवलराम दारात पाठमोरा उभा राहिला. मग त्यानं कडक सदऱ्याची वरची गुंडी काढली आणि मागं न वळता, थकलेल्या आवाजात विचारलं, "सोमवारी किती वाजता हाये तुझं ते?"

नलू बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी गज धरून उभी होती. रस्त्यानं सगळ्यांच्या पुढं शकुबाई, त्यांच्यामागं कृष्णराव आणि बाबुलाल, आणि बरंच अंतर ठेवून पिशवी घेतलेली हिरा. कोपऱ्यावर बाबुलाल थांबला आणि पिशवी घ्यायला वहिनीकडे हात पुढं केला. शकुबाई वळून काहीतरी बोलल्या. त्यानं हात मागं घेतला, आणि ते तिघं हिराची वाट न पाहता चालू लागले.

"नले, मी काय विचारून राहिलो?" केवलराम म्हणाला.